कबड्डी आणि टेनिस क्रिकेटच्या तारखा एकमेकींवर पडू नयेत म्हणून

दिवाळी आटोपली, सोयाबीन घरात आलं, कापसाचा पहिला वेचा सुरू झाला की विदर्भातल्या खेड्यापाड्यांत टूर्नामेंटच्या पत्रिका फिरायला लागतात. एका गावात टेनिस बॉल क्रिकेट, पाच किलोमीटरवर वजनगटाची कबड्डी, त्याच्या पलीकडे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. तारखा बहुतेक त्याच असतात : शनिवार-रविवार, संक्रांत, २६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी. आणि पोट्टेही तेच असतात. गावच्या कबड्डीतला चांगला रेडर हाच क्रिकेटमधला पहिला बॉलर असतो. तो एकीकडे गेला की दुसरीकडचा संघ मोडतो, सामना अर्धा तास थांबतो, समोरचा संघ "पुढे चाल द्या", म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत घ्या, म्हणून टेबलाशी येतो आणि दोन गावांत वर्षभर पुरेल एवढी कटुता तयार होते.

हे टाळता येतं. पण त्यासाठी आयोजकांनी कामाचा क्रम बदलायला हवा. सहसा आधी मैदान ठरतं, मग पाहुणे, मग बक्षिसं, आणि शेवटी कोण खेळणार ते बघतात. मैदानं दोन मिळू शकतात, पोट्टे दोन ठिकाणी उभे करता येत नाहीत. म्हणून सगळ्यात आधी मोजायचे ते दोन्ही खेळांत असलेले खेळाडू.

आधी यादी, मग तारीख

दसऱ्याच्या आसपास दोन्ही मंडळांनी एकत्र बसावं. एका वहीत चार रकाने पाडा : नाव, कबड्डीतली जागा (रेडर, कॉर्नर, कव्हर), क्रिकेटमधलं काम (बॉलर, किपर, बॅटिंग) आणि वजन. कबड्डीचे १२ आणि क्रिकेटचे १४-१५ लिहून झाले की दोन्हीकडे असलेल्या नावांवर खूण करा. फक्त आपल्याच गावाची यादी करून भागत नाही, आणि चूक नेमकी इथेच होते. दरवर्षी येणाऱ्या पंचक्रोशीतल्या दहा-बारा संघांच्या कॅप्टनना फोन करून एवढंच विचारा : "तुमच्याकडे दोन्ही खेळणारे किती, आणि त्यातले बॉलर किती?"

हा आकडा हातात आला की निर्णय सोपा होतो. बहुतेक संघांत दोनपर्यंत नावं दुहेरी असतील तर तारीख बदलायची गरज नाही, सामन्यांच्या वेळा जुळवल्या की झालं. तीन किंवा चार असतील तर एकाच शनिवार-रविवारी दोन्ही घेता येतात, पण घड्याळ लावून. पाच किंवा जास्त निघाले तर सरळ वेगळे आठवडे घ्या, तिथे जुळवाजुळव चालत नाही.

पाचाची हद्द कुठून आली ते सांगायला हवं. कबड्डीत आत सात आणि बाहेर पाच राखीव. बारातून पाच गेले तर सात उरतात खरे, पण बदली कुणी नसतो, आणि गावच्या संघात दोन्ही कॉर्नर आणि मुख्य रेडर हेच सहसा क्रिकेट खेळणारे निघतात. क्रिकेटमध्ये तर त्याहून आधी अडतं. आठ ओव्हरचा सामना आणि एका बॉलरला जास्तीत जास्त दोन ओव्हर हा नियम असेल तर किमान चार बॉलर लागतात. दुहेरी नावांत दोन बॉलर असले की अकरा जण उभे असूनही संघ लंगडा होतो. म्हणून डोकी मोजताना जागाही लिहायची.

कॅलेंडर खोडणं

आता भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि पेन घेऊन जे दिवस मिळणारच नाहीत ते खोडा. पहिल्यांदा शेती. पश्चिम विदर्भात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापसाची वेचणी चालू असते. रविवारीसुद्धा पोट्टे वावरात असतात आणि पाचच्या आधी मोकळे होत नाहीत, त्यामुळे या दिवसांत दिवसाचं क्रिकेट ठेवलं तर संघ अर्धेच येतात. रात्रीची कबड्डी मात्र चालते. तुरीची सोंगणी जानेवारीत लागली की पुन्हा तेच. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात, भारी धान कापून पुंजणे (पेंढ्यांचे ढीग) लागेपर्यंत बांध्या, म्हणजे धानाची शेतं, मोकळ्या होत नाहीत. मैदान बांधीतच करायचं असेल तर चुरणं (मळणी) झाल्याशिवाय तारीख जाहीर करू नका.

मग गावाचे स्वतःचे दिवस. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत कुणी मैदानावर येत नाही. झाडीपट्टीत, म्हणजे याच धानपट्ट्यात, भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि प्रत्येक गावचा दिवस ठरलेला असतो. मंडईच्या रात्री नाटक असतं. ते दहा-साडेदहाला उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. नाटकाच्या मंडपात खुर्च्या लावणारे, तिकिटं फाडणारे पोट्टे तेच कबड्डीचे. त्या रात्री फायनल ठेवली तर प्रेक्षक साडेनऊला उठतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठचा क्रिकेट सामना तर ठेवूच नये. शंकरपटाचंही तसंच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ ला बैलगाडा शर्यतीचा राज्याचा कायदा कायम ठेवला, तेव्हापासून पटांच्या तारखा पुन्हा निर्धास्तपणे ठरायला लागल्या आहेत. आपल्या भागातले पट आधी विचारून घ्या. पटाच्या दिवशी दहा किलोमीटरच्या आत दुसरं काही भरवण्यात अर्थ नाही.

तिसरं, शाळा आणि भरती. बारावीची परीक्षा साधारण फेब्रुवारीत सुरू होते आणि दहावीची तिच्या पाठोपाठ. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चढत जातात, आणि आपला चांगला पोट्टा एकेक पायरी चढला की त्याच्या तारखा आपल्या हातात राहत नाहीत. पोलीस भरतीची मैदानी चाचणी लागली तर १६०० मीटर धावायला निघालेला मुलगा आदल्या आठवड्यात कबड्डीची पकड घेणार नाही. त्याने घेऊही नये. घोटा मुरगळला तर वर्षाची मेहनत जाते. त्याला आग्रह करू नका, यादीतून नाव काढा.

एवढं खोडल्यावर बहुतेक गावांत डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारीची सुरुवात या टप्प्यात चार-पाचच शनिवार-रविवार उरतात. म्हणून भांडण होतं, आणि म्हणूनच पाच-सहा गावांनी मिळून ते वाटून घ्यायला हवेत.

आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे तिथले देशी खेळ एकीकडे आणि रग्बी दुसरीकडे, असाच पेच आहे. दोन्हीकडे पंधरा-पंधराचे संघ, आणि गावाकडची मुलं शाळेपासून दोन्ही खेळत आलेली. गेलिक खेळ बघणारी त्यांची संघटना १८८४ सालची आहे. तिथे काउंटी म्हणजे जिल्ह्याचा संघ आणि गावचा क्लब हे एकाच खेळाडूवर हक्क सांगायचे. २०२२ पासून त्यांनी वर्षाचे दोन भाग केले : आधी काउंटीचे सामने, ते जुलैत संपवायचे, आणि उरलेलं वर्ष क्लबचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलिकची लीग आणि रग्बीची सिक्स नेशन्स स्पर्धा एकाच हंगामात येतात हा गुंता राहिलाच. पण मोठ्या आणि लहान संघाचा काळ वेगळा करणं आपल्यालाही जमण्यासारखं आहे. जिल्ह्याची निवड चाचणी आणि खुल्या गटाचे मोठे सामने डिसेंबरात संपवावेत, गावच्या वजनगटाला आणि टेनिस क्रिकेटला जानेवारी मोकळा ठेवावा. जिल्हा संघटनेला हे पत्र सप्टेंबरात गेलं तर उपयोग, नोव्हेंबरात नाही.

सामन्याला खरा वेळ किती लागतो

पत्रिकेवर "सामने सकाळी ८ पासून" एवढंच छापतात आणि एका दिवसात किती बसतात याचा हिशेब कुणी करत नाही. तो असा.

टेनिस क्रिकेटमध्ये एका ओव्हरला साधारण चार मिनिटं जातात. आठ ओव्हरच्या दोन डावांना ६४ मिनिटं, मधली दहा, म्हणजे ७५. बॉल शोधायला आणि टॉसला धरून ८० मिनिटांचा घास समजा. सकाळी ८, ९.२०, १०.४०, १२, मग चाळीस मिनिटं जेवण, २ आणि ३.२०. शेवटचा सामना ४.४० ला संपतो. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सव्वापाचनंतर बॉल नीट दिसत नाही, म्हणून दिवसाला सहाच सामने. सातवा कोंबू नका, तोच अंधारात वादात जातो.

कबड्डीचा पुरुषांचा नियमाचा सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा आणि मध्ये ५ मिनिटं विश्रांती. गावच्या वजनगटात १५-५-१५ ठेवतात. ३५ मिनिटं खेळ आणि दहा मिनिटं टाइमआउट, पट्ट्या, पाणी धरून ४५ चा घास. संध्याकाळी ६ ते ९.४५ मध्ये एका मैदानावर पाच. दोन मैदानं असली तर दहा. रात्री १० नंतर भोंगा बंद हा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, त्यामुळे पावणेदहा हीच खरी हद्द धरा.

बाद पद्धतीत एकूण सामने नेहमी संघांपेक्षा एकाने कमी. १६ संघ तर १५ सामने, ११ संघ तर १०. संघ १६ भरत नसतील तर १६ मधून संघ वजा करा, तेवढ्या चिठ्ठ्यांना पुढे चाल : ११ संघांना ५.

आता दोन्ही खेळांचे १६-१६ संघ असतील आणि दोन शेजारच्या गावांना एकच आठवडा घ्यायचा असेल तर मांडणी अशी बसते. क्रिकेट शुक्रवारी सहा सामने. शनिवारी उरलेले दोन ८ आणि ९.२० ला, आणि चार उपउपांत्य १०.४० पासून. रविवारी दोन उपांत्य ८.३० आणि १० ला, फायनल १ वाजता, म्हणजे सव्वादोनला मैदान रिकामं.

कबड्डी शनिवारी रात्री दोन मैदानांवर :
६.००, ६.४५, ७.३० आणि ८.१५ ला दोन-दोन, असे पहिल्या फेरीचे आठ.
९.०० ला उपउपांत्य १ आणि २. यात ६ आणि ६.४५ चे विजेते, म्हणजे त्यांना किमान दीड तास मिळतो.

रविवारी ६ वाजता उपउपांत्य ३ आणि ४ दोन मैदानांवर. त्यानंतर सगळं एकाच मैदानावर, म्हणजे गर्दी विभागत नाही : पहिला उपांत्य ६.५० ला (आदल्या रात्री जिंकलेले दोघे), दुसरा ७.३५ ला (आजच खेळलेले दोघे), फायनल ८.५० ला. ९.३५ ला खेळ संपतो आणि बक्षिसांना वीस मिनिटं मिळतात. प्रत्येक उपांत्य सामन्यात दोन्ही संघ सारखेच दमलेले असावेत म्हणून उपांत्य असे लावले आहेत. एक ताजा आणि एक पंधरा मिनिटांपूर्वी खेळून आलेला संघ समोरासमोर आणू नका.

मुलींचे सामने असतील तर ते ४ ते ५.३० मध्ये, उजेडात संपवा. त्यांचं मैदान १२ बाय ८ मीटरचं आणि नियमाने डाव १५ मिनिटांचे. परगावच्या मुलींना परतीचं वाहन उजेडात मिळालं तरच पुढच्या वर्षी घरचे पाठवतात.

लॉट उघड, वेळ यादीप्रमाणे

सगळ्या मांडणीचा कणा हा आहे. कोण कुणाशी खेळणार ते लॉटनेच ठरवा, सगळ्यांसमोर, लहान मुलाच्या हातून चिठ्ठ्या काढून. पण कोणता सामना किती वाजता, हे लॉटवर सोडू नका. ते दुहेरी खेळाडूंच्या यादीवरून ठरवा. जोड्या तशाच राहतात, फक्त घड्याळ बदलतं, म्हणून कुणाची तक्रार टिकत नाही.

नियम दोनच. ज्या संघात दुहेरी पोट्टे जास्त, त्याचा क्रिकेट सामना दुपारी १२ च्या आत सुरू व्हावा आणि कबड्डीचा ७.३० किंवा ८.१५ ला. एका खेळातून सुटल्यावर दुसऱ्यात उतरेपर्यंत किमान तीन तास, त्यात प्रवासही धरून. पुढे चाल मात्र दुहेरी संघांना सोय म्हणून देऊ नका, ती चिठ्ठीनेच जाऊ द्या. पुढे चालीवर एकदा संशय आला की पुढचे सगळे निर्णय संशयात जातात.

लॉट दोन्ही गावांनी एकाच दिवशी पाडावा, क्रिकेटचा आधी आणि कबड्डीचा नंतर. क्रिकेटचा आदल्या रविवारी आणि कबड्डीचा शुक्रवारी असं झालं तर क्रिकेटच्या वेळा छापून गेलेल्या असतात आणि कबड्डीवाल्यांच्या हातात काही उरत नाही.

आधी क्रिकेट, मग कबड्डी

एकाच दिवशी दोन्ही खेळायचे तर क्रम हाच. कबड्डीत बोटं, खांदा, गुडघा आणि घोटा यांना मार बसतो. घोट्याची पकड लागलेला मुलगा दुसऱ्या दिवशी रनअप घेऊ शकत नाही, आणि बोट सुजलेला किपर ग्लोव्हज घालू शकत नाही. उलट आठ ओव्हरचं क्रिकेट खेळलेला मुलगा जेवून, तीन तास पडून संध्याकाळी चढाईला उभा राहू शकतो. रात्री पावणेदहाला कबड्डी संपवून घरी जाऊन झोपायला बारा वाजतात, म्हणून अशा संघाचा दुसऱ्या दिवशीचा क्रिकेट सामना शक्यतो ९.२० च्या आधी नको. रविवारचा ८.३० चा उपांत्य अशा संघाच्या वाट्याला आला तर दोन्ही उपांत्य सामन्यांची अदलाबदल करा.

एकाच दिवशी एका मुलाने क्रिकेटचे दोन आणि कबड्डीचे दोन सामने खेळणं जमत नाही. तशी वेळ आली तर कॅप्टनने आदल्या रात्रीच ठरवावं की त्याला कशात बसवायचं. मैदानावर ठरवायला गेलं की तो दोन्हींत अर्धा खेळतो.

वजनाचा दिवस

वजनगटाच्या कबड्डीत खरा धोका इथे आहे आणि आयोजक त्याकडे सगळ्यात कमी बघतात. गट ५५ किलोचा आणि मुलगा ५७ चा असला की तो आदल्या दिवसापासून जेवण सोडतो, पाणी तोडतो, स्वेटर घालून पळतो. वजन संध्याकाळी पाचला असेल तर दिवसभर उपाशी. त्याच दिवशी सकाळी त्याने उन्हात चार सामन्यांएवढं पळणं केलं तर पोटऱ्या गोळा होतात, चक्कर येते, आणि रात्री पकडीत पडल्यावर उठायला उशीर लागतो. हे दोन खेळ एकत्र आल्यामुळे होणारं सगळ्यात वाईट नुकसान आहे.

उपाय सोपा आहे. वजन सकाळी ७ वाजता, क्रिकेटच्या मैदानावरच घ्या. कबड्डी समितीचा एक माणूस काटा घेऊन तिथे बसेल. वजन झालं की मुलगा खातो, पाणी पितो आणि मगच खेळतो. ही सोय फक्त दुहेरी खेळाडूंना दिली तर बाकीचे ओरडतील, आणि रास्तच ओरडतील. म्हणून सगळ्या संघांना सकाळी ७ ते ८ किंवा दुपारी ३ ते ४ यांपैकी कुठलीही एक वेळ घेऊ द्या, दोन्ही नाही. सकाळी वजन दिलेल्याच्या मनगटावर पक्क्या शाईची खूण आणि वहीत सही. नाहीतर संध्याकाळी दुसराच मुलगा त्या नावावर उतरतो.

काटा इलेक्ट्रॉनिक असावा आणि सिमेंटच्या ओट्यावर ठेवावा. मातीवर किंवा सतरंजीवर ठेवलेला काटा दर माणसाला वेगळं दाखवतो. किराणा दुकानातून २० किलोची दोन प्रमाणित वजनं आणून प्रत्येक वीस मुलांमागे एकदा तपासा. हाफ पँटवर वजन, खिसे रिकामे. अर्धा किलोची सूट द्यायची असेल तर ती पत्रिकेतच छापा. टेबलावर दिलेली सूट भांडणाचं मूळ होते.

मैदानावर ओआरएसची पाकिटं ठेवा, एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जास्त मीठ टाकू नका, त्याने उलटी होते.

पुकारा आणि दोन टेबलांमधला फोन

कितीही नीट वेळा लावल्या तरी एखादा सामना लांबतोच. तेव्हा काय करायचं ते आधी लिहून ठेवा. कबड्डीला पाच-पाच मिनिटांनी तीन पुकारे. तिसऱ्यानंतर सात खेळाडू रेषेवर नसतील तर समोरच्याला पुढे चाल. दुसऱ्या मैदानावर अडकलेल्या संघासाठी एकच सवलत : त्याचा सामना पुढच्या सामन्याशी बदलता येईल, पण पुढचे दोन्ही संघ हजर असतील आणि तयार असतील तरच, आणि संपूर्ण स्पर्धेत एकदाच.

ही सवलत खरी की बहाणा, हे कळायला दोन्ही गावांत एकेक माणूस नेमा. त्याचं काम फक्त फोनचं. दर अर्ध्या तासाने तो समोरच्या गुणलेखकाला विचारेल : कोणता सामना चालू, कितवी ओव्हर, कोण पुढे. "निघाले, येतच आहेत" हे कॅप्टनच्या तोंडून ऐकू नका, टेबलाकडून ऐका. मैदानावर नेटवर्क येत नसेल तर तो माणूस जिथे येतं तिथे खुर्ची टाकून बसेल.

एकच मैदान असेल तर

शाळेच्या मैदानावर दोन्ही घ्यायचे असतील तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचं पत्र, ग्रामपंचायतीची ना-हरकत आणि भोंग्यासाठी ठाण्याची परवानगी, ही तीनही एकाच अर्जात दोन्ही स्पर्धांची नावं आणि वेळा लिहून मागा. वेगवेगळे अर्ज गेले की दुसऱ्याला "त्या दिवशी आधीच दिलं आहे" असं उत्तर मिळतं.

कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, भोवती चारही बाजूंनी किमान ३ मीटर मोकळं. ते क्रिकेटच्या बाउंड्रीच्या आत कधीही आखू नका. कबड्डीची माती दुपारी चारला पाणी शिंपडून दाबावी लागते, आणि बाउंड्रीच्या आत ओली मऊ माती आली की फिल्डर घसरतो. कबड्डीचा फुफाटा कमी व्हायचा तर हे पाणी लागतंच. काळ्या मातीवर थेट मैदान करू नका. ती वाळली की भेगाळते आणि भिजली की पायाला चिकटते. वर चाळलेल्या मऊ मातीचा थर द्या आणि खडे हाताने वेचा. रेषांसाठी चुना नको. पकडीत तोंड जमिनीवर घासतं आणि चुना डोळ्यांत गेला तर जळजळ होते, इजाही होते. रांगोळीची पांढरी भुकटी चांगली.

डिसेंबर-जानेवारीत रात्री दव पडतं. साडेआठनंतर माती ओलसर होते आणि पाय घसरायला लागतात. प्रत्येक सामन्यानंतर कोरडी चाळलेली माती शिंपडायला दोन माणसं आणि दोन घमेली राखून ठेवा. लाईटचे खांब चारही कोपऱ्यांत, रेषेपासून ३ मीटर बाहेर. एकाच बाजूला लावले तर त्या बाजूला तोंड असलेल्या रेडरच्या डोळ्यांवर उजेड येतो आणि बोनस रेषा दिसत नाही. वीज जाते हे धरूनच जनरेटर भाड्याने घ्या. फायनलच्या वेळी शोधायला जाऊ नका.

जिथे हमखास बिघडतं

सगळ्यात जास्त वेळ उद्घाटनात जातो. पाहुणे ११ ला येतो म्हणतात आणि १ ला येतात, तोवर पहिला बॉल पडत नाही आणि दिवसाचे तीन-चार सामने तिथेच संपतात. पहिला सामना ८ ला सुरू कराच. पाहुणे येतील तेव्हा चालू डाव संपवून मधल्या दहा मिनिटांत नारळ फोडा आणि हार घाला. पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवा.

त्यानंतर उशिरा आलेला संघ. प्रवेश फी घेऊन लॉटनंतर सतरावा संघ घेतला की ८० मिनिटं कुठूनतरी काढावी लागतात, आणि ती दुहेरी संघांच्या तीन तासांतूनच निघतात. यादी ज्या रात्री बंद होते त्यानंतर फी परत करा.

अवकाळी पावसासाठी राखीव दिवस दोन्ही गावांचा वेगळा ठेवा : क्रिकेटला सोमवार, कबड्डीला मंगळवार रात्र. दोघांनीही सोमवार धरला तर सगळा पेच पुन्हा तिथेच.

पत्रिकेत बक्षिसांखाली पुढच्या ओळी नक्की छापा : दोन्ही स्पर्धांच्या तारखा एकत्र, दुहेरी खेळाडूंची नावं कोणत्या तारखेपर्यंत कळवायची, वजनाच्या दोन वेळा, पुकाऱ्याचा नियम, राखीव दिवस. पाहुण्यांच्या फोटोंना जागा लागते म्हणून हे गाळलं जातं. फोटो थोडे लहान करा.

टेबलावर एक वही असू द्या. प्रत्येक सामना ठरला किती वाजता होता, सुरू किती वाजता झाला आणि संपला किती वाजता, एवढे तीन आकडे गुणलेखकाने लिहायचे आणि उशीर झाला तर कारण एका शब्दात. पुढच्या दसऱ्याला बसाल तेव्हा इथले ८० आणि ४५ न घेता आपल्या मैदानाचे स्वतःचे आकडे घेऊन मांडणी करा.